धुतली तर गळते

गोकुळाबाई सकाळच्या उन्हात अंगणात उभी राहून नातवाची चड्डी हुंगत होती. एकदा हुंगली, उलटी केली, पुन्हा हुंगली. कुंपणापलीकडे तिची थोरली जाऊ चंदा गाईपुढे तणीस टाकत होती. तिचा हात थांबला.

"काय हुंगून राह्यली वो गोकुळा?"

"बारक्याची चड्डी."

"मंग? केवड्याचा वास येते का तुह्या नातवाच्या मुताले?"

"तेच त पाहून राह्यली बाई. कोनताच वास नाई. रातभर अंगावर होती, आतला लंगोट पिळला त धार लागली. आन हे पाहा, कोरडी. या, तुमी बी हुंगा."

"मले कायले हुंगाले लावतं? मी आंघोळ करून आली." चंदानं पदर नाकाला लावला. "आन ते धुतल्याबिगर तुळशीजवळ वाळत घालू नोको. घरात देवाचं नाव घेतं ना तू?"

गोकुळा हसली. चड्डी तिनं तुळशीजवळ नाही, पण आंब्याच्या फांदीला वाऱ्यावर टांगली.

ही चड्डी साधी नव्हती. लोकरीची, हातानं विणलेली, पोटरीपर्यंत येणारी. गोकुळाची लेक भाग्यश्री म्हणजे भागी, जावई फौजेत, दोघं हिमाचलाकडे. तिथल्या घरमालकिणीकडून दोन चड्ड्या विणून घेऊन तिनं भाच्यासाठी कुरिअरनं धाडल्या. कारण बारक्याला दुकानातल्या प्लॅस्टिकच्या डायपरनं मांड्यांत लाललाल चट्टे उठले होते, आणि नुसत्या लंगोटात ठेवावं तर घरातली एक गोधडी सुकी राहत नव्हती. आत सुती लंगोट, वरून लोकरी चड्डी. लंगोट बदलायचा, धुवायचा. चड्डी मात्र रोज धुवायची नाही, नुसती वाऱ्यावर टाकायची, असं भागीनं फोनवर बजावलं होतं. चट्टे आठवड्यात मावळले.

सून रुपालीला हे चटकन पटलं. ती सावली गावच्या पतसंस्थेत नोकरीला, बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत रुजू झालेली. धुणं कमी झालं तर तिला हवंच होतं. गोकुळाला पटायला दुसरं कारण होतं. मागं एका कीर्तनात बुवा म्हणाले होते की लोकर कधी बाटत नाही, म्हणून जुनी माणसं पूजेला लोकरीची धाबळी नेसायची. तेव्हा तिनं मान डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं आणि बारक्याची चड्डी नाकाशी धरून उभं राहणं वेगळं. आता तिला राहवेना. बाटत नाही म्हणजे काय? मुताचा वास जातो कुठं? वारा नेतो? देव नेतो? रोज सकाळी ती हुंगायची आणि रोज नवल करायची.

माघात गावात सप्ताह बसायचा होता. रोज दुपारी कीर्तन, शेवटल्या दिवशी सकाळी काल्याचं. गोकुळाचा डावा कान बऱ्याच वर्षांपासून गेलेला. मागं बसलं की तिला भोंग्याचा नुसता घुमारा ऐकू येई, शब्द नाही. म्हणून ती दर वर्षी बायकांत अगदी पुढं, बुवांच्या डाव्या हाताला, उजवा कान पुढं करून बसे. ती जागा तिची हे सगळ्या गावाला माहीत. वर्षभर तळ्याच्या पाळीवर मासे विकताना, धानाच्या बांधीत रोवणी करताना ती जे गुणगुणे, ते सगळं त्या जागेवर बसून कानात भरून आणलेलं. यंदा मात्र दिवसभर बारक्या तिच्याजवळ. पोराला मांडीवर घेऊन बसायचं, तर मांडी कोरडी राहायला हवी.

"लोकरी चड्डी हाये ना," रुपाली म्हणाली. "काई होत नाई आई. बसा निवांत."

आता देवाच्या दारात जायचं, तर तीन आठवडे न धुतलेली चड्डी घालून कसं जायचं? आणि खरं म्हणजे आता जरा आंबूस वास यायला लागलाच होता. गोकुळानं भागीला फोन लावला. भागीनं सगळं सांगितलं. पोराच्या आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट पाणी, रिठ्याचा थोडा फेस, चोळायचं नाही, आपटायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही; टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत खाटेवर पसरायचं. मग आवाज तुटत तुटत आला, "...आन धुतल्यावर... लावजो बरं आई, भुलू नोको!"

"लावतो वो माय. त्याबिगर कसं होईन?"

गोकुळानं शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. धुण्याच्या दगडावर एकदाही आपटलं नाही, हात शिवशिवले तरी. वाळल्यावर शेगडीत निखारे घेतले, राळ टाकली आणि वर टोपली पालथी घालून दोन्ही चड्ड्यांना चांगला धूप लावला. लहान लेकराच्या कपड्याला धुरी देतातच. भागीनं तेच सांगितलं, असं तिच्या उजव्या कानानं ऐकलं होतं. चड्ड्या देवघरासारख्या दरवळल्या.

पहिल्या दिवशी ती पुढं बसली. मंडपात बायकांच्या बाजूला महिला मंडळाची पांढरी चादर अंथरली होती आणि चादरीची जबाबदारी चंदाकडे. लोकर बाटत नाही म्हणणारे तेच ब्रह्मपुरीकडचे बुवा यंदा सप्ताहाला आले होते, गोड गळ्याचे. टाळ सुरू झाले. पहिलं निरूपण रंगात आलं आणि गोकुळाच्या मांडीवर काहीतरी गरम पसरलं. मग लुगड्यातून खाली. मग पांढऱ्या चादरीवर, चांगलं परातीएवढं.

चंदा वाटच पाहत असल्यासारखी उठली. कीर्तनात बोलू नये म्हणून कानाशी वाकली, पण नेमकी डाव्या. गोकुळाला काही ऐकू आलं नाही. मग चंदाला जरा जोरात बोलावं लागलं आणि ते अर्ध्या मंडपानं ऐकलं.

"ऊठ म्हनलं! तिकडे चपलाजवळ बस! तुही जादूची चड्डी गळून राह्यली!"

बायका हसल्या. गोकुळा उठली आणि मागं जाऊन बसली. तिथं फक्त घुमारा. बुवांचे हात हलताना दिसत, लोक हसताना दिसत, काय म्हणाले ते कळेना. शेजारच्या बाईला तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या बाईनं दुसरीकडे पाहिलं.

घरी येऊन तिनं दुसरी चड्डी पाहिली. हातात धरून वरून चमचाभर पाणी ओतलं. पाणी सरळ आत शिरलं, साध्या फडक्यासारखं. ती खाटेवर बसून राहिली. दु:ख होतंच, पण त्याहून मोठं कोडं होतं.

"हे कसं वो?" ती संध्याकाळी रुपालीला म्हणाली. "तीन आठवडे धुतली नाई त गळली नाई. धुतली, त गळते! जगात अशी कोनती वस्तू हाये?"

रुपालीनं नणंदेला फोन लावून तो मोठ्यानं बोलता ठेवला.

"आई, तूप लावलं होतं का?" भागीनं विचारलं.

"लावला ना. राळेचा. दोन्हीले."

"राळेचं तूप?"

"तूप कायले? धूप! तूच त म्हनली, धुतल्यावर धूप लावजो."

फोनमधून भागीचं हसणं आलं. रुपाली तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळली. "आई वो! तूप म्हनलं मी, तूप! लोकरीचं तूप. मेंढीच्या अंगावरचा चिकटा असते, त्यानं तिच्या अंगात पानी शिरत नाई. तोच लोकरीत राह्यते. धुतला की जाते, मंग परत लावा लागते. चड्ड्यांसंगं पिवळी डब्बी नव्हती का धाडली?"

कुरिअर आलं तेव्हा डबी ठेवली होती त्या फडताळाकडे सगळ्यांनी पाहिलं. फडताळात डबी नव्हती. मग रुपालीनं सासऱ्याकडे पाहिलं.

सोमाजी ओट्यावर पाय पसरून जाळ्याची गाठ मारत होते. उभी हयात तळ्याच्या पाण्यात गेलेली. त्यांच्या टाचांना थंडीत अशा भेगा पडत की त्यात चवन्नी उभी राहावी. यंदा मात्र टाचा गुळगुळीत, दिव्याच्या उजेडात चकाकत होत्या.

"ते डब्बी?" सोमाजी हळूच म्हणाले. "मी भागीले फोनवर म्हनलं होतं, टाचा लय दुखते. मले वाटलं, पोरीनं बापासाठी धाडली." त्यांनी उशाखालून पिवळी डबी काढली. आत बोट फिरवलेल्या रेघा होत्या, बाकी काही नव्हतं. "मस्त दवाई हाये गा. भेगा मिटल्या."

गोकुळा ओरडायला उठली होती. ती पुन्हा बसली. फोनमधून भागी विचारत होती, "हाये का डब्बी?" आणि गोकुळा म्हणाली, "हाये, हाये. कामी आली."

दुसरी डबी मागवायची, तर ती येईपर्यंत सप्ताह उठणार. पण गोकुळाच्या डोक्यात आता कीर्तनापेक्षा एकच शब्द फिरत होता: मेंढीच्या अंगावरचा. गावाबाहेर धान निघालेल्या बांध्यांमध्ये खतासाठी मेंढरं बसवलेली होती. पोचू नावाच्या कुरमार मेंढपाळाचा कळप, दर वर्षी येणारा.

दुसऱ्या दिवशी बारक्याला कडेवर मारून ती बांधीवर गेली. पोचूची बायको सोमारी चुलीजवळ तांदूळ निवडत होती.

"मासे आनले का बाई?"

"मासे नाई. तूप पाह्यजे."

"आमी गाई नाई पाळत."

"मेंढीचं."

"मेंढीच्या दुधाचं? आता दूध कुठी?"

"दुधाचं नाई वो. लोकरीचं तूप."

सोमारीनं तिच्याकडे, मग बारक्याकडे आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुमाले ताप त नाई ना आला?"

गोकुळानं सगळी कथा सांगितली, धुपापासून टाचांपर्यंत. सोमारी एवढी हसली की तांदळाचं सूप खाली ठेवावं लागलं. मग तिनं तंबूच्या मागून पोतं ओढून आणलं. कातरलेली, न धुतलेली लोकर. काळी, काटेकुटे आणि लेंड्या अडकलेली. गोकुळानं मूठभर दाबली. हात चिकट झाला.

"हा चिकटा होय! याचं काय करता तुमी?"

"काई नाई. घोंगडीले सूत काढ्याच्या आधी धुवून फेकतो. आमाले त तो तरासच." सोमारीनं स्वत:चे तळहात पाहिले. "पन खरं सांगू का, कातरनीच्या दिवसांत हात लय मऊ राह्यते. मी म्हनो, काऊन असंन?"

दोघी पोत्यापाशी बसल्या. काढायचं कसं, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. खरवडून पाहिलं, नुसता मळ आला. उन्हात ठेवून पाहिलं, काही गळलं नाही. मग गोकुळाला वाम माशाच्या कालवणाची आठवण झाली. जाडी वाम शिजली की तेल आपोआप वर तरंगतं आणि गंज, म्हणजे पातेलं, थंड झालं की साय धरतं. मेंढीचं तूपही पाण्याशी भांडणारंच. ते पाण्यात राहील कशाला?

"चूल पेटव सोमारी. शिजवू."

"लोकर शिजवाची?"

"शिजवून त पाहू. बिघडलं त तुही लोकर चार मुठी गेली, माहं मीठ गेलं."

सोमारीचा जुना जर्मनचा गंज, पाणी, मूठभर मीठ आणि वरून लोकर. वास असा सुटला की पोचूनं लांबून हाक मारली, "काय मेलं गा तिकडे?" उकळून, गाळून, थंड करून पाहिलं, तर पाण्यावर मातकट, पातळ साय. बोटानं उचलावी तर नखाएवढी. सोमारी म्हणाली, "एवढंच? चार मुठीत?" आणि आपणहून आणखी लोकर टाकली. तिलाही आता सोडवेना. दोन दिवस दुपारी त्या बांधीवर हेच चाललं. तिकडे मंडपात टाळ वाजत होते, भोंग्याचा घुमारा शेतापर्यंत येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा गोकुळा सप्ताह चालू असताना कीर्तनाला गेली नाही. मनात रुखरुख होती. पण गंजाकडे पाहताना ती नामच घेत होती, आणि मध्येच थांबून म्हणत होती, "पाह्य, पाह्य, वर आलं!"

शेवटी सगळी साय पुन्हा स्वच्छ पाण्यात वितळवून, मलमलीतून गाळून, जे उरलं ते सोमाजीच्या त्याच पिवळ्या डबीत भरलं. डबीचा तळ झाकला एवढंच. रंग गुळासारखा. वास मेंढीचा, पक्का.

रुपाली संध्याकाळी आली आणि डबी नाकाशी नेऊन तिनं झटकन लांब केली. "पोराच्या अंगाले हे लावाचं?"

"आधी माह्या मनगटाले लावून ठेवलं हाये कालपासून. पाह्य, काई उठलं नाई."

रुपालीनं मनगट उजेडात नेऊन नीट पाहिलं. मग स्वत:च्या मनगटाला लावलं. "उद्यापर्यंत थांबू," ती म्हणाली, आणि दोघी थांबल्या.

पुढचं रुपालीनं भागीला विचारून केलं. कढत पाण्यात तूप सोडलं तर ते वर डोळे करून तरंगत राहिलं, काही केल्या मिसळेना. बारक्याचा साबण जरासा किसून टाकला आणि ढवळलं, तसं पाणी ताकासारखं पांढरं झालं. ते कोमट झाल्यावर चड्डी उलटी करून बुडवून ठेवली. तूप एकीपुरतंच होतं. मग टॉवेलात दाबून, खाटेवर सावलीत पसरली. ती वाळेपर्यंत काल्याची आदली संध्याकाळ झाली. गोकुळानं चमचा आणला. सोमाजीही पाहायला आले, आधी जरा लांब, मग खाटेला खेटून. थेंब पडला, लोकरीवर गोल झाला, तळ्यातल्या कमळाच्या पानावर डोलतो तसा डोलला आणि घरंगळून सोमाजींच्या पायावर पडला.

"जमलं वो भागीच्या माय!"

काल्याच्या सकाळी चंदा मंडपाच्या तोंडाशीच होती. चादर धुऊन, नीळ देऊन पुन्हा अंथरलेली.

"कुठी चालली?"

"माह्या जागेवर."

"पोराले घेऊन? गोकुळा, आज काला हाये. तुही चड्डी..." ती थांबली, नाक वर केलं. "हा वास कायचा? मेंढरू शिरलं का मंडपात?"

"बारक्याच्या चड्डीचा हाये. तूप लावलं."

"ऐकून घे. आज चादर ओली झाली ना, त पुढच्या साली बी तू चपलाजवळच बसशीन. मी सांगून ठेवतो."

"बसीन," गोकुळा म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज घट्ट निघेल. तो तसा निघाला नाही.

ती जाऊन आपल्या जागेवर बसली, उजवा कान पुढं. आणि शब्द आले! टाळामधून, मृदंगामधून एकेक शब्द सुटा, ओला, जसा जाळ्यातून मासा हातात यावा तसा. बुवा काल्याचं सांगत होते: गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकर, कुणाचा भात, कुणाची नुसती मिरची, आणि देवानं सगळं एकत्र कालवलं. गोकुळाचे डोळे भरले. कित्येक दिवसांचं उपाशी पोट असावं तशी ती ऐकत होती.

मग बुवा म्हणाले, "आता आपल्याला एक कान्हा पाहिजे!" आणि पुढंच दिसलेल्या बारक्याला त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, आपल्या शुभ्र धोतरावर कमरेशी बसवलं आणि नाचू लागले.

गोकुळाच्या कानातले शब्द पुन्हा गेले. या वेळी कानाचा दोष नव्हता. तिला फक्त बारक्याचं तोंड दिसत होतं. टाळ जोरात झाले. बुवांनी गिरकी घेतली. बारक्या आधी हसला, मग गप्प झाला. मग त्यानं लांब कुठंतरी पाहिलं, भुवया वर गेल्या, तोंड जरासं उघडलं. हे तोंड गोकुळा ओळखत होती. अख्ख्या मंडपात आणखी एकच बाई ते ओळखत होती. पाच पोरं वाढवलेली चंदा खांबाजवळ ताठ उभी राहिली.

"पांडुरंगा," गोकुळा म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही.

बुवा नाचत होते. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा. अभंग संपला, गजर झाला. बुवांनी बारक्याला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं आधी बुवांच्या कमरेकडे पाहिलं. पांढरं. कोरडं. मग हळूच चड्डीच्या काठातून बोट आत घातलं. लंगोट चिंब, गरम. बोट बाहेर काढून चड्डीवर फिरवलं. बाहेरून नुसती उबदार लोकर.

बुवांनी मात्र हात नाकाशी नेला होता. "माय, या कान्ह्याला मेंढरांचा वास कसा हो?"

मंडप हसला. गोकुळा लाजून म्हणाली, "बुवा, लोकरीचं तूप लावलं. तुमीच मागं म्हनले होते, लोकर बाटत नाई. काऊन बाटत नाई, ते कळत नव्हतं. आता एवढं कळलं का तिच्यात पानी काऊन शिरत नाई. पन वास कुठी जाते ते अजून नाई कळलं."

बुवा हसले, टाळ गळ्यात सारखे केले. "मलाही नाही कळलेलं, माय. मी ऐकलेलं सांगतो. तुम्हाला कळलं तर पुढच्या साली मला सांगा." आणि पुढं म्हणाले, "पण गोपाळांमध्ये देव बसला तेव्हा त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत असेल असं तुम्हाला वाटलं होतं का?" मग त्यांनी पुन्हा गजर उचलला आणि तिथून शेवटपर्यंत एकही शब्द गोकुळाच्या कानातून निसटला नाही.

हंडी फुटली, काल्याचे द्रोण वाटले गेले. मेंढरं पोचूवर सोपवून सोमारी मंडपाच्या कडेला येऊन उभी होती. गोकुळानं तिला हात धरून आत आणलं आणि चादरीवर आपल्याजवळ बसवलं. लंगोट बदलायला चड्डी काढली होती, ती हातातच होती.

"पाहू," शेजारची बाई म्हणाली. तिनं चड्डी घेतली, हुंगली, पुढच्या बाईला दिली. ती पंगतीतून फिरू लागली. "मेंढीचा येते." "हो, पन दुसरा नाई येत." "आत्ता भिजवली ना त्यानं?" "आत्ताच." एकीनं द्रोण खाली ठेवून दोन्ही हातांनी ताणून पाहिली. सोमारी सगळ्यांना सांगत होती की एवढ्या डबीला किती लोकर लागली, आणि दर खेपेला लोकर थोडी वाढत होती.

शेवटी चड्डी चंदापाशी आली. तिनं आधी वाकून चादरीवर हात फिरवला, गोकुळा बसली होती तिथं, सगळीकडून. मग पदर नाकावरून काढला. हुंगली. चड्डी उलटी केली आणि पुन्हा हुंगली.

"जाते कुठी मंग?" ती म्हणाली.